शिकलगार बाईंची उसनवारी

“मग ती चाललीय कशामुळे?” शिकलगार बाईंनी विचारलं.

तेच विचारायला तर मी मिरजेला आले होते. दीड तास एसटीत, मांडीवर ही भलीमोठी फाइल घेऊन.

“ते कळलं असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते, बाई?”

बाईंच्या पुढ्यात सुपात वाळलेल्या मिरच्या होत्या. त्यांची देठं काढत राहिल्या.

ही गोष्ट बाई हयात असतानाची; त्यांना जाऊन आता सहा वर्षं झाली. आमच्या विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या सतरा वर्षं रेक्टर होत्या. शिकवायच्या वनस्पतिशास्त्र. मी त्यांच्याच हॉस्टेलात राहून शिकले, पुढं त्याच विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायला लागले, आणि एक दिवस बाई बसायच्या त्याच खोलीत रेक्टर म्हणून जाऊन बसले. खुर्चीसुद्धा तीच. फक्त तिला मी नवी गादी करून घेतली.

मला तेव्हा वाटायचं, बाईंनी हॉस्टेल मायेनं चालवलं खरं, पण पद्धत म्हणाल तर शून्य. पद्धत मी आणली. हा माझा माज होता, आता कबूल करायला काही वाटत नाही.

फाइल मी बाईंच्या पुढ्यात ठेवली. एकशे बारा मुली. प्रत्येकीची चार पानं, अठ्ठावन्न प्रश्न. गाव कुठलं, घरात बोली कुठली, उपास कोणते, औषधं कोणती, भीती कशाची वाटते. हो, हाही प्रश्न होता. भंडाऱ्याची मुलगी आणि सावंतवाडीची मुलगी एका खोलीत नांदतील की नाही, हे मी आकडेमोड करून ठरवायचे. दुसऱ्या विद्यापीठांतून माणसं ही फाइल बघायला यायची.

बाईंनी मिरचीचे हात पदराला पुसले, चष्मा लावला, दोन पानं उलटली.

“अक्षर छान आहे तुझं, तोरसकर.”

आणि फाइल मिटली.

मला राग आला. तो गिळून मी पर्समधून सुगंतीचा अर्ज काढला.

सुगंती कासदेकर. कोरकू मुलगी, मेळघाटातली, धारणीच्याही आतल्या गावातून आलेली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, प्राणिशास्त्र. त्या गावातून एवढं शिकायला बाहेर पडलेली पहिलीच. अर्जात एकच ओळ होती... वैयक्तिक कारणामुळे वसतिगृह व शिक्षण सोडत आहे.

त्या दिवशी शनिवार होता. माझी सही झाली की सोमवारी सकाळच्या गाडीनं ती जाणार. आणि अशी गेलेली मुलगी परत येत नाही, हे मला माझ्या आकड्यांनी पुरतं शिकवलं होतं.

मी तिला तीनदा बोलावून विचारलं होतं. कोणी काही बोललं का? नाही, मॅडम. अभ्यास झेपत नाही का? झेपतो, मॅडम. आणि खरंच झेपत होता, पहिल्या सत्रात ती वर्गात दुसरी आली होती. मग खुपतंय काय? काही नाही, मॅडम. मान खाली, आणि पायाचा अंगठा फरशीवर.

“तू तिला काय काय दिलंस?” बाईंनी विचारलं.

हा प्रश्न मला आवडला. मी घडाघडा सांगितलं. उन्हाची खोली दिली. दोन ब्लँकेटं दिली. माझ्या लेकीचा स्वेटर दिला, नव्यासारखा. टेबललॅम्प, मच्छरदाणी. खोलीत मुली दिल्या त्याही समजूतदार बघून, एक इचलकरंजीची, एक ठाण्याची. त्यांना बजावलं की हिला काही कमी पडू देऊ नका. बिचाऱ्यांनी पडू दिलं नाही. साबणापासून ओढणीपर्यंत, जे हवं ते तिच्या पुढ्यात.

शिवाय आमचं ते कपाट.

कपाटाची हकिकत मी जरा रंगवूनच सांगितली. आमच्या हॉस्टेलात पूर्वी उसनवारी फार. कात्री दे, इस्त्री दे, दोन पिना दे. त्यावरून रुसवेफुगवे आणि भांडणं. मी रेक्टर झाल्यावर ते बंदच करून टाकलं. जिन्याखाली एक मोठं कपाट ठेवलं. त्यात इस्त्र्या, कात्र्या, सुईदोरा, छत्र्या, बादल्या, कॅल्क्युलेटरसुद्धा. जिला जे लागेल ते तिनं न्यावं. कुणी कुणापुढं हात पसरायचा नाही. वर पाटी लावली, ‘येथे मागावे लागत नाही.’ कुलगुरूंनी त्या पाटीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला होता.

बाई गालातल्या गालात हसल्या.

“आणि तिच्याकडून तू काय घेतलंस?”

“मी?... घेतलं?” मला प्रश्नच कळेना. “तिच्याकडून काय घेणार, बाई? आहे काय तिच्याजवळ?”

बाईंचा हात थांबला. मिरची बोटांत तशीच राहिली.

...

बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. ती काही सुरू होत नव्हती.

मग बाई गुडघ्यावर हात देऊन हळूहळू उठल्या. जेवूनच जा, सोलकढी करते, म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मीही मागोमाग गेले. एवढ्या लांब येऊन मला कढी नको होती, उत्तर हवं होतं.

त्यांनी ओट्याखालून विळी काढली. मी दारातच थबकले.

ती माझी विळी होती.

फणसाच्या लाकडाचा पाट. पात्याच्या टोकाला खोबरं खवायचे दाते. पाटाच्या कोपऱ्यावर तापल्या सळईनं डागलेलं आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर, म्हणजे लग्नाकार्यात कुणी विळी नेली तर ओळखू यावी. माझ्या आईची होती ती.

सन त्र्याऐंशीत मी लांज्याजवळच्या एका खेड्यातून विद्यापीठात आले, तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक होती, एक वळकटी होती आणि ही विळी. अगं आई, तिथं मेस आहे, विळी घेऊन मी करू काय, हे मी तिला शंभरदा सांगितलं असेल. तिनं ऐकलं नाही. खोलीतल्या दोघी मुली पुण्याच्या. एकीजवळ टेपरेकॉर्डर, दुसरीजवळ विजेची किटली. मी विळी कॉटखाली सरकवली आणि वर टॉवेल टाकला. मला तिची लाज वाटायची. आता त्या लाजेची लाज वाटते.

बाईंची त्या काळी एक सवय होती, साऱ्या हॉस्टेलला ठाऊक असलेली. नवी मुलगी आली की पहिल्या पंधरवड्यात बाई तिच्या खोलीत येणार आणि काहीतरी मागून नेणार. कुणाचा आरसा, कुणाचा अडकित्ता, कुणाची शिकेकाई. नांदेडच्या एकीची तर उशी नेली होती. आणि आपणहून परत म्हणून द्यायच्या नाहीत. त्यांच्या बंगल्यावर जाऊन मागावी लागायची. आम्ही पाठीमागं त्यांना ‘उसनवार बाई’ म्हणायचो. एवढ्या मोठ्या रेक्टरच्या घरात साधी कात्री नसावी, याचं आम्हाला फार हसू यायचं.

माझ्याही खोलीत आल्या. तुझ्याकडे काय आहे गं, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्याकडे काही नाही, बाई.

बाई सरळ वाकल्या आणि कॉटखालचा टॉवेल उचलला.

“ही दे. मला खोबरं खवायचंय.”

आणि भर व्हरांड्यातून, सगळ्यांच्या देखत, माझी विळी हातात मिरवत निघून गेल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

आठवडा गेला, पंधरवडा गेला. विळी काही येईना. आणि मला तर घरी जायचं होतं, कायमचं. वर्गातलं इंग्रजी डोक्यावरून जात होतं. खोलीतल्या दोघी वाईट नव्हत्या, उलट इतक्या चांगल्या होत्या की मला रोज कुणाचे तरी आभार मानावे लागायचे. एका रविवारी मी ट्रंक भरली. पण विळीशिवाय घरी जाऊ कशी? आईनं आधी तेच विचारलं असतं.

तशी तणतणत बाईंच्या बंगल्यावर गेले. दुपारची वेळ. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या प्राध्यापकाचं दार हक्कानं वाजवलं.

“माझी विळी द्या.”

“बरं झालं आलीस,” बाई म्हणाल्या. “मला मेलं खवताच येईना. ये, दाखव.”

नारळाच्या झाडावर बाई दोन तास बोलू शकायच्या, पण नारळाची वाटी हातात धरली ती उलटी. मला हसूच फुटलं. मी पाटावर बसले. दोन नारळ खवले, दूध काढलं, आमसुलं भिजत घातली, कढी केली. हात कामाला लागले आणि तोंड सुटलं. कढी होईपर्यंत मी बाईंना सगळं सांगून बसले होते, भरलेल्या ट्रंकेसकट.

बाईंनी एका शब्दाचा उपदेश केला नाही. दोन वाट्या कढी प्यायल्या. म्हणाल्या, विळी अजून राहू दे, पुढच्या रविवारी पुन्हा कर.

पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही. अशी दोन वर्षं गेली. ट्रंक कधी रिकामी केली तेही आता आठवत नाही. आठवते ती बंगल्याची मागची पायरी. पाय उन्हात टाकून मी बसलेली, हातात कढीची वाटी, आणि बाई आत वहीत पानंफुलं चिकटवता चिकटवता मध्येच मला एखाद्या झुडपाचं नाव ओरडून सांगायच्या, मी विचारलेलं नसताना. तसे रविवार मला पुन्हा कधी मिळाले नाहीत.

हॉस्टेल सोडताना विळी मागायची राहून गेली. आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, राहू दे गं, बाईंना लागते. आई खूश झाली होती. गावभर सांगत सुटली.

आणि आता पंचवीस वर्षांनी मिरजेच्या त्या स्वयंपाकघरात बाई त्याच पाटावर बसल्या. सत्तरीला आलेल्या. नारळ फोडला, वाटी हातात घेतली आणि खवायला लागल्या.

मी बघतच राहिले. मनगट नुसतं फिरत होतं. खोबरं पांढरंशुभ्र, त्यात करवंटीचा एक काळा कण नाही. असं खवणं मी फक्त माझ्या आईचं पाहिलं होतं. मला स्वतःला अजून जमत नाही.

“बाई... हे कधी शिकलात?”

“लहानपणी,” बाई वर न बघता म्हणाल्या. “आजोळ हर्णैचं माझं. आजी सोडायची नाही, रोज खवायला बसवायची.”

...

पंचवीस वर्षं मी लोकांना हसून हसून सांगत आले होते, की आमच्या बाईंना खोबरं खवता येत नव्हतं, ते मी शिकवलं.

आणि मग मला ते फडकं आठवलं.

दिवाळीच्या सुट्टीहून परत आली तेव्हा सुगंती माझ्या ऑफिसात आली होती. हातात निळ्या फडक्यात बांधलेली कुटकी. त्यांच्या डोंगरात पिकणारं बारीक धान्य, त्याचा भात करतात. आईनं कांडून दिलीय मॅडम, तुमच्यासाठी, म्हणाली. मी किती गोड बोलले होते. अगं कशाला, तुमच्याच घरात लागेल ती. आणि विद्यार्थिनींकडून मी काही घेत नाही, माझा नियम आहे. वर पाठीवरून हातही फिरवला. ती बरं म्हणाली आणि फडकं घेऊन गेली. त्या दिवशी मला स्वतःविषयी फार चांगलं वाटलं होतं.

तिथं उभ्या उभ्या मला रडू आलं. बाईंनी ते पाहिलं आणि दुसरी वाटी खवायला घेतली.

जेवणं झाली. निघताना मी म्हटलं, बाई, आई गेली, तिची आठवण म्हणून आता ही विळी नेऊ का?

“आज नको,” बाई म्हणाल्या. “अजून काम आहे तिचं.”

फाइल मी तिथंच विसरले. एसटी जयसिंगपूरच्या पुढं आल्यावर लक्षात आलं. उतरून परत जावं असं काही वाटलं नाही.

रविवारी सकाळी मी एकतीस नंबरच्या खोलीत गेले. सुगंतीची बॅग भरून तयार होती. कॉटवर ब्लँकेटं घडी करून ठेवलेली, त्यावर माझ्या लेकीचा स्वेटर, शेजारी लॅम्प, वायर नीट गुंडाळून. दिलेलं सगळं परत. बरोबर न्यायचं ते फक्त तिचं तिचं.

एसटीत मी बरंच काही ठरवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

“ती कुटकी आहे का गं अजून?”

तिनं बॅगेकडे पाहिलं.

मी म्हटलं, तेव्हा नको म्हटलं ते चुकलं माझं. आज पाहिजे मला.

“नियम आहे ना, मॅडम.”

बसला टोला. बसायलाच हवा होता. मी म्हटलं, नियम माझाच होता, मीच मोडते.

तिनं वाकून बॅगेच्या तळातून निळं फडकं काढलं. गाठ तशीच होती. तीन महिने तिनं ती कुटकी ना स्वतः खाल्ली, ना कुणाला दिली. परत आईकडे घेऊन चालली होती.

“मला शिजवता येत नाही,” मी म्हटलं. आणि ते खरंच होतं, बाईंसारखं नाटक मला करावं लागलं नाही.

माझ्या क्वार्टरवर येऊन तिनं कुटकी निवडली, धुतली. मी पातेल्यात भसाभसा पाणी ओतायला लागले तशी तिनं माझं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. एवढं नाही घालायचं, मॅडम, लगदा होतो. हॉस्टेलात आल्यापासून पहिल्यांदा ती मला नाही म्हणाली होती. मग झाकण ठेवून, भिंतीला टेकून खाली बसली. भात रटरटत होता. बऱ्याच वेळानं म्हणाली,

“इथं माझं कुणाला काही लागतच नाही, मॅडम.”

...

मी उपदेश न करता ताटं घेतली. बाईंकडून तेवढं तरी शिकले होते. दोघी पोटभर जेवलो. अर्जाचा विषय तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीची वेळ झाली तेव्हा मी खिडकीशी उभी होते. गाडीची वेळ टळली. मग सुगंती जिना उतरताना दिसली, अंगात प्रॅक्टिकलचा पांढरा कोट. मी मटकन खुर्चीत बसले. त्या नव्या गादीवर.

गुरुवारी ऑफिसचं दार वाजलं. घाबरत घाबरत नव्हे, चांगलं दणकून.

“मॅडम, माझं फडकं.”

फडकं धुऊन, इस्त्री करून माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. हात ड्रॉवरकडे गेलासुद्धा... आणि थांबला. मी म्हटलं, धुवायचं राहिलंय गं, रविवारी घरी ये.

त्याच आठवड्यात मी जिन्याखालच्या कपाटाला कुलूप लावलं आणि वरची पाटी उतरवली. मुली भडकल्या. मोर्चा यायचा तेवढा बाकी होता. पण पुढं एक दिवस एकतीस नंबरवरून जाताना इचलकरंजीच्या मुलीचा आवाज ऐकू आला. सुगंती, तुझी सुई दे ना जरा, माझा हूक तुटलाय. आणि आतून सुगंती तोऱ्यात म्हणाली, घे, पण परत आणून दे हं. मी व्हरांड्यात उभी राहून ते कान भरून ऐकलं.

महिन्याभरानं मी फाइल आणायला म्हणून मिरजेला गेले.

बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. कुटकीत पाणी किती घातलं, तेवढं बारकाईनं विचारलं.

“आणि फडकं? दिलंस परत?”

“नाही,” मी म्हटलं.

बाई उठल्या. आत गेल्या. माझी विळी घेऊन बाहेर आल्या, पदरानं पाट पुसला, पात्याला कागद गुंडाळला आणि ती माझ्या हातात ठेवली. दुसऱ्या हातानं मी दाराशेजारच्या टेबलावरची फाइल उचलायला गेले, तर बाईंनी तिच्यावर तळवा ठेवला.

“विळी ने आता,” म्हणाल्या. “फाइल राहू दे माझ्याकडे... मला अजून वाचायचीय.”